समपृष्ठरज्जू आणि धोंडूचा कोंबडा

मालिनीने माझ्याकडे फक्त रंगीत खडू मागितले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "वहिनींनी तुम्हाला सांगितलं होतं का हो हे सगळं?" नाही. नव्हतं सांगितलं. रंगीत खडूंची एक पेटी, बास. ती मी बाजारातून आणली, तिच्या हातात दिली, आणि तिथेच मी थांबायला हवं होतं. पण थांबणं हा गुण आमच्या घराण्यात कोणाला नाही.

आमच्या घरापासून वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जी शाळा आहे, तिला त्या वर्षी अकरावी-बारावीची विज्ञान शाखा जोडली होती आणि जीवशास्त्राला अर्धवेळ शिक्षक हवा होता. मालिनी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. झाली आणि लगेच माझ्याशी लग्न झालं, मग आईचं आजारपण, मग हे, मग ते, आणि पदवीचा कागद जो ट्रंकेत गेला तो कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा उन्हं खाण्यापुरता बाहेर यायचा. सरकारी नियमाने तिच्या वयाला ही शेवटची मुलाखत होती. पुढच्या वर्षी कोणी अर्जसुद्धा घेतला नसता. हे ती बोलून दाखवत नव्हती, पण पोळ्या लाटताना ती भिंतीशी बोलायला लागली. "पृष्ठरज्जू म्हणजे पाठीचा कणा नव्हे बरं का, मुलांनो," असं ती परातीला सांगायची. कुकरला कल्ले समजावून द्यायची. तिला असं गुणगुणताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटायचं, की काय सांगू! आणि माणसाला बरं वाटलं की तो काहीतरी करायला जातो.

मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं, की उमेदवाराने 'समपृष्ठरज्जू प्राणी: लक्षणे व वर्गीकरण' यावर वर्गात पाठ घ्यावा आणि शैक्षणिक साहित्य स्वतः आणावे.

"साहित्य म्हणजे काय आणणार तू?" मी विचारलं.

"खडू. फळा तिथे असेलच."

"अगं, फळ्यावर कोणीही काढील!"

"कोणीही काढून दाखवावं," मालिनी म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली.

हा संवाद आमच्या पडवीत चालला होता, आणि पडवीतला संवाद हरिहरपंतांना ऐकू जात नाही असं कधी होत नाही. हरिहरपंत आमचे शेजारी. भूमापन खात्यातून निवृत्त झाले, तरी अजून कोणाच्याही अंगणात शिरले की पावलं मोजत येतात. ते तसेच मोजत आले.

"श्यामराव, खडूने शिकवायचे दिवस गेले. हल्ली वस्तू दाखवावी लागते," ते म्हणाले.

"प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत हो, पंत."

"मेले की होतात. आणि वर्गीकरणाचं मला सांगू नका. उभा जन्म त्यात गेला. भातजमीन, वरकस, कातळ, खाजण. खाजणात कोणी उभं राहून म्हणालं, हे खाजण आहे, की ऐकणाऱ्याला पटतं. कचेरीत बसून नकाशा दाखवलात तर कोर्टात जातो. प्रत्येक वर्गाचा एकेक नमुना टेबलावर ठेवा. मुलाखत घेणारे उभे राहून नमस्कार करतील."

उभे राहून नमस्कार केला हो त्यांनी. ते पुढे येईल.

मालिनी आतून म्हणाली, "अहो, नका काही करू. मला फळा पुरतो." मी ते विनयात जमा केलं. बायको नको म्हणते तेव्हा तिला नको असतं, हे कळायला मला इतकी वर्षं का लागावीत कोण जाणे.

पहिला वर्ग मत्स्य. रत्नागिरीत माशाला काय तोटा, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं, कारण आमच्या घरात मासा आला तो मत्स्यावतारापुरताच. मी छत्री घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. तिथे सगळ्या होड्या नारळाच्या झापांखाली झाकलेल्या. सुकी मासळी विकणारी एक बाई, गंगा तिचं नाव, गोणपाट पांघरून बसली होती.

"ताजा मासा मिळेल का? एक हाडवाला, एक बिनहाडाचा," मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "भाऊ, तुमी रत्नांग्रीचेच ना?"

"म्हणजे काय! जन्मापासून."

"मंग नारली पुनवेच्या आधी होडी पान्यात जात नाय ह्ये तुमाला कुनी सांगलं नाय?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक आहे, पाण्याशी माझा रोजचा संबंध आहे, असं मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही. गंगाने मग मला एक सुकी मुशी आणि सुक्या बोंबलांची जुडी दिली. "मुशीला हाड नाय, बोंबलाला हाय. खाऊन बगा, कलंल," ती म्हणाली. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही नमुने बिनचूक होते. वासाच्या दृष्टीने मात्र तो श्रावणी सोमवार होता.

घरी येईपर्यंत आळीतल्या सगळ्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मालिनीने दारातच नाकाला पदर लावला. मी साहित्य न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवलं, वर घमेलं पालथं घातलं, घमेल्यावर पाटा ठेवला. संध्याकाळपर्यंत आळीतली, खालच्या वाडीतली आणि बहुधा शेजारच्या गावातलीही मांजरं कौलावर जमली. सस्तन वर्गासाठी मला वणवण करावी लागली नाही, एवढंच त्यातलं समाधान. समोरच्या काकूंनी मात्र मालिनीला हळूच विचारलं, "श्यामरावांची प्रकृती वगैरे बरी आहे ना? डॉक्टरांनी खायला सांगितलंय का काही?"

मग मी मत्स्यव्यवसायाच्या एका सरकारी कचेरीत गेलो. समपृष्ठरज्जूंमध्ये कण्याआधीचे काही प्राणी असतात, त्यातला एक समुद्रात खडकाला चिकटून राहतो, तो बरणीत घातलेला तिथे पाहायला मिळतो, असं मालिनीच बोलता बोलता म्हणाली होती. बरणी दोन दिवस उसनी मिळावी, एवढीच माझी मागणी. तिथल्या कारकुनाने विचारलं, "प्राणी जिवंत की मृत?"

"बरणीत आहे म्हणजे मृतच."

"मृत असेल तर भांडार विभाग. पण भांडारात तो नोंदलेला नाही, कारण आला तेव्हा जिवंत होता."

"मग जिवंत विभागात विचारतो."

"तिथे तो आता मृत म्हणून कमी केलाय."

"म्हणजे कागदावर तो नाहीच?"

"नाहीच. आणि जे नाही ते उसनं कसं देणार? तुम्हीच सांगा, साहेब, तुम्हीही सरकारी आहात."

तो म्हणत होता त्यात मला काही खोट काढता येईना. मी स्वतः असंच उत्तर दिलं असतं. बरणी आमच्या दोघांच्या मधे टेबलावरच होती, आणि तो तिच्यावर फायली टेकवून बसला होता.

उभयचराचं सोपं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे बेडूक मागावा लागत नाही. मागावा लागतो तो तोल. भाताच्या बांधावरून मी दोनदा चोंढ्यातल्या चिखलात गेलो, पण एक धिप्पाड पिवळा बेडूक घेऊनच वर आलो. ठेवायला हाताशी डबा सापडला तो साबुदाण्याचा. झाकणाला भोकं पाडली. मी अंघोळीला गेलो आणि मालिनीने उपासाची खिचडी करायला डबा उघडला.

किंकाळी ऐकू आली ती माझी. ती कशी निघाली म्हणाल तर पंचा गुंडाळून मी धावत आलो, आणि बेडूक माझ्याच अंगावर उडाला. मालिनी ओरडली नाही. तिने तो शांतपणे दोन्ही हातांत धरला. "नर आहे," ती म्हणाली. "ह्या बघा घशाच्या पिशव्या. कातडी बघा किती ओली. ह्या कातडीनेसुद्धा श्वास घेतो हा. ह्याला दोन्हीकडचं लागतं, पाणीही आणि जमीनही." आणि मग किती तरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्या वेळी असा झाला होता, की तिचं वय कोणी विचारलं असतं तर मी वीस सांगितलं असतं. त्या क्षणी मला कळायला हवं होतं, की हिला साहित्याची गरज नाही, हिला वर्ग हवाय. पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं? सरिसृप कुठून आणावा.

"सोडून या त्याला," ती म्हणाली. मी सोडला. दुसरा पकडला आणि गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात लपवला.

सरिसृपासाठी हरिहरपंतांनी नाग सुचवला. नुकतीच नागपंचमी झाली होती, गारुडी कुठे तरी जवळच असेल म्हणाले. मी म्हटलं, पंत, नोकरी एकाच माणसाला लावायची आहे, अनुकंपा तत्त्वावर दुसऱ्याला नाही. शेवटी देवघरामागची पाल मुरंब्याच्या बाटलीत घेतली. घेताना तिने शेपूट टाकली. आता शेपूट हे समपृष्ठरज्जूंचं मुख्य लक्षण, आणि नेमकी तीच नाही! पंत म्हणाले, "शेपूट वेगळी पुडीत बांधून न्या. पुरावा म्हणून." मी नेली.

राहिला पक्षी. खालच्या वाडीत धोंडू आणि सगुणा राहतात. घरी भरपूर कोंबड्या. सगुणाच्या मुलीचं गणित मालिनी फुकट बघायची, त्यामुळे सगुणाचा तिच्यावर फार जीव. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा धोंडू घरी नव्हता आणि सगुणा शेतात तण बेणायला निघाली होती.

"कुटचापन घ्या वो, भाऊ," ती म्हणाली. "वैनींच्या कामाला नाय कशी म्हनू? सांजेला आनून सोडा म्हंजे झालं." आणि ती गेली.

मी अंगणात उतरलो. कोंबड्यांना माणसाचा हेतू कळतो. मी एक पाऊल पुढे टाकलं की सगळा कळप कुंपणापलीकडे. पण एक कोंबडा होता, लालभडक, तुरेवाला, चांगला पोसलेला. तो जागचा हललासुद्धा नाही. मी गेलो, त्याला उचललं, काखेत मारलं. तो माझ्याकडे थोरामोठ्यांच्या नजरेने बघत राहिला. मला वाटलं, माझ्या हातालाच काही गुण असावा. त्याच्या पायात लाल दोरा होता. हरिहरपंत म्हणाले, "उत्तम. खूण असलेली बरी, हद्दीचा वाद होत नाही."

वाडीत ज्या कोंबड्याच्या अंगाला कोणी हात लावत नाही, ज्याला कोणी हुसकत नाही, ज्याच्यापुढे दाणे आपणहून पडतात, तो माणसाला बघून पळेल कशाला? आणि त्याला कोणी हात का लावत नाही, हा प्रश्न कोकणात जन्मलेल्या माणसाला पडायला हवा की नको? मला नाही पडला. पंतांना नाही पडला. शेंबड्या पोरानेसुद्धा ओळखलं असतं, की हा राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, नावाने सोडलेला आहे.

मालिनी माझ्याआधी चालत शाळेत गेली होती. मी रिक्षातून गेलो, सोबत सुकी मुशी, बोंबील, बेडकाचा डबा, पालीची बाटली, शेपटीची पुडी आणि कोंबडा. रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, "साहेब, उतारा टाकायला चाललाय का?" मी उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नांना उत्तर न देण्यातच माणसाची प्रतिष्ठा असते.

मला वर्गात घेतलं नाही. "साहित्य लागलं तर बाई मागतील," शिपाई म्हणाला. म्हणून मी खिडकीबाहेर पडवीत उभा राहिलो. तिथे दुसरे उमेदवार बसले होते, चौगुले म्हणून, देशावरचे. मुलाखत पार पडून निकालाची वाट बघत होते. भिडस्त माणूस. माझ्या सामानाकडे बघून त्यांनी आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली.

आत तिघे होते. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब, म्हणजे इथले मोठे बागायतदार; मुख्याध्यापक; आणि बाहेरगावाहून बोलावलेले एक विषयतज्ज्ञ, ज्यांना आमच्या दमट हवेचा राग आलेला होता. समोर अकरावीची मुलंमुली.

मालिनीने निळ्या खडूने फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि विचारलं, "बांगडा, बेडूक, कावळा आणि तुमचे मुख्याध्यापक, यांच्यात सारखं काय?"

"सगळे ओरडतात," एक पोरगा म्हणाला.

वर्ग हसला, मुख्याध्यापकही हसले. "बांगडा ओरडत नाही," मालिनी म्हणाली. "पण चौघांच्याही पाठीत कधी ना कधी ही दोरी होती. हा पृष्ठरज्जू. तिच्यावर पोकळ चेतारज्जू. घशापाशी फटी. आणि मागे शेपूट. तुम्हीसुद्धा आईच्या पोटात असताना शेपूट घेऊन बसला होतात." सगळी मुलं मागे वळून स्वतःलाच बघायला लागली.

मग तिने तो खडकाला चिकटणारा प्राणी काढला. कचेरीतल्या बरणीत मी जो पाहिला होता तो एक मळकट गोळा होता. हिने काढलेला हलत होता! "लहानपणी हा मजेत पोहतो," ती म्हणाली. "शेपटी असते, शेपटीत पृष्ठरज्जू असतो. मग एक दिवस खडकाला डोकं टेकतो आणि चिकटतो. चिकटला की पोहणं संपलं. शेपटी गेली, पृष्ठरज्जू गेला. उरते एक पिशवी. पाणी आत घ्यायचं, पाणी बाहेर टाकायचं."

"मग बाई, तो मोठा झाला म्हनायचं की लहान?" एका मुलीने विचारलं.

मालिनीने बोटांवरची खडूची पूड झटकली. "पुस्तकात मोठा झाला असंच म्हणतात," ती म्हणाली. मला बाहेर उभ्या उभ्या पाटबंधारे खात्यात कायम झालो तो दिवस आठवला. पण तिला स्वतःला काय आठवलं असेल, हा विचार त्या वेळी नाही आला. तो नंतर आला, आणि अजून येतो.

पुढे मासे. "आपापला कान दुमडून बघा," ती म्हणाली. "आत हाड आहे? नाही. ही कूर्चा. मुशीचा अख्खा सांगाडा असा असतो." सगळ्यांनी कान दुमडले. काकासाहेबांनी दुमडला. विषयतज्ज्ञांनी इकडेतिकडे बघून दुमडला. चौगुल्यांनीही दुमडला. माझ्या हातात त्या वेळी खरीखुरी मुशी होती आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? कौतुकही वाटत होतं आणि रागही येत होता. चिखलात पडलो, मांजरं सहन केली, आळीत बदनाम झालो, आणि ही बाई लोकांचे कान दाखवून पाठ घेतेय! ती बेडकावर आली, बेडूक मागितला नाही. ती सरिसृपावर आली, पाल मागितली नाही. मला वाटलं, घाबरून विसरली असेल. निदान पक्षी तरी चुकू नये म्हणून मी खिडकीशी गेलो आणि कोंबडा दोन्ही हातांनी उंच धरून तिला दाखवला.

तेवढ्यात माझ्या कोपराने मुरंब्याची बाटली पडली आणि फुटली. पाल सुटली ती भिंतीवरून थेट खिडकीत. कोंबड्याने तिला बघितलं. इतका वेळ गप्प बसलेला तो कोंबडा माझ्या हातांतून असा उसळला, की मी मागे आणि तो पुढे, खिडकीतून आत, काकासाहेबांच्या टेबलावर. पाल वर गेली, कोंबडा टेबलावर राहिला. त्याने मान उंच केली आणि बांग दिली.

मालिनीने एकदा खिडकीकडे बघितलं. फक्त एकदा. मग वळून म्हणाली, "आणि हा पक्षी वर्ग. वेळेवर आलाय." वर्गात हशा पिकला. काकासाहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "अंगावर पिसं, तोंडाला चोच, पुढच्या पायांचे पंख, आणि हाडं पोकळ, म्हणून वजन कमी. पायांवर मात्र खवले बघा, सरिसृपांचे राहिलेत." विषयतज्ज्ञांनी मान डोलावली. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी नोकरी तिची झाली होती. नुसते सस्तन राहिले होते.

आणि दारात धोंडू उभा राहिला.

देवाचा कोंबडा दिसत नाही म्हणून तो सकाळपासून वाडी पालथी घालत होता. रिक्षावाल्याने त्याला सांगितलं, आणि रस्त्यावरून त्याने शाळेच्या पडवीत मी वर धरलेला कोंबडा बघितला. घामाने निथळत, डोक्याची टोपी हातात घेऊन तो आत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, काय केलंव ह्ये! राकनदाराचा हाय वो तो. हीर खनताना पानी लागलं तवा बोललेला. देवदिवालीला द्येयाचा. शिवेभायेर न्हेलाव तुमी त्याला!"

देवाच्या नावाचा कोंबडा शिवेबाहेर गेला तर जिथे सापडेल तिथेच गाऱ्हाणं घालायचं आणि मगच परत न्यायचा, ही आमच्या वाडीची रीत. धोंडूने कोंबडा छातीशी घेतला, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा म्हाराजा! बारा वाड्यांच्या राकनदारा! आज तुज्या नावाचा कोंबडा शिवेभायेर आला, तो आमच्या वंगाळपनानं नाय आला. ह्या भाऊंच्या अडानीपनानं आला. भाऊ शिकलेले हायत, त्यांना काय कलत नाय. तवा त्यांची चूक पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग उभा राहून म्हणाला. इथलीच मुलं ती. गाऱ्हाण्याला बसून राहायचं नसतं आणि गप्प तर मुळीच राहायचं नसतं, हे त्यांना पाळण्यात कळलेलं. मुख्याध्यापक उभे. काकासाहेबांच्या बागेत स्वतःचा राखणदार, तेही हात जोडून उभे. मालिनी खडू हातात धरून उभी. विषयतज्ज्ञ तेवढे बसलेले.

इथे धोंडूने संपवलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने डोळे किलकिले करून मालिनीकडे बघितलं, आणि त्याचं मन भरून आलं. "आनि म्हाराजा, ही आमची वैनी. हिनं आमच्या पोरीला शिकवलं, एक पैसा घेतला नाय. हिला ही नोकरी लागूदे. हिच्या वाटेत जो कोन आडवा येत आसल, त्याच्या पायात पाय घाल, त्याचा कागुद फाड, त्याला आल्या वाटेनं परत लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वर्ग म्हणाला. "होय म्हाराजा," काकासाहेब म्हणाले. बाहेर चौगुलेही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाले. बिचाऱ्याला अर्थ कळला नसावा, किंवा कळूनही भीड पडली असावी.

धोंडू प्रसन्न मुद्रेने कोंबडा घेऊन निघून गेला. विषयतज्ज्ञांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं.

"जाहिरातीत स्पष्ट म्हटलं आहे," ते म्हणाले, "वशिला लावणारा उमेदवार अपात्र ठरेल."

"अहो, पण हा वशिला माणसाचा नाही," काकासाहेब म्हणाले.

"कलमात माणसाचा असं लिहिलेलं नाही. आणि अध्यक्षांनी त्याला सर्वांसमक्ष होकार दिलाय. उद्या दुसऱ्या उमेदवाराने तक्रार केली तर शाखेची मान्यता जाईल."

मला राहवेना. मी आत शिरलो. "साहेब, यात तिचा काही दोष नाही. मी सरकारी नोकर आहे, मी लेखी देतो."

"आपण कोण?"

"उमेदवाराचा नवरा."

"मुलाखतीला नवरा कशाला आला?"

"साहित्य घेऊन," मी म्हणालो. माझ्या हातात मुशी होती.

"सर, माझा थोडा वेळ राहिलाय," मालिनी म्हणाली. "सस्तन राहिलेत."

"वेळ संपली," विषयतज्ज्ञ म्हणाले. ते घड्याळाप्रमाणे खरंही होतं. गाऱ्हाणं लांबलं होतं. काकासाहेब खाली बघत राहिले. मालिनीने डस्टर घेतलं आणि आपणच काढलेलं सगळं, वरपासून खालपर्यंत, नीट पुसलं. दुसऱ्याच्या वर्गातला फळा पुसून द्यायचा असतो म्हणे.

शाळेच्या पायऱ्या उतरताना मी घसरलो आणि माझा पाय मुरगळला. मालिनीनेच मला धरून रिक्षात बसवलं. घरी आल्यावर तिने आंबेहळद उगाळून माझ्या पायाला लावली, बेडूक सोडला, मुशी मांजरांना घातली आणि संध्याकाळचा कुकर लावला. ती ओरडली असती, चार भांडी आपटली असती, तर मी चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. तिने मला तेवढीही सोय ठेवली नाही.

दोन दिवसांनी धोंडू एक मोठं तवसं, आमच्याकडची जून काकडी, घेऊन आला. "लागली ना नोकरी?" दारातूनच त्याने विचारलं. मालिनीने तवसं घेतलं, त्याला पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. धोंडू पायरीवर बसून विचार करत राहिला. राखणदार आजवर त्याला खोटा पडला नव्हता. मग त्याची नजर माझ्या फडक्यात बांधलेल्या पायावर गेली.

"भाऊ, पाय कंदी मुरगालला?"

"त्याच दिवशी."

"गाराण्याच्या आदी की मागनं?"

"मागून. लगेच."

'वाटेत जो आडवा येत असेल त्याच्या पायात पाय घाल,' हे धोंडूनेच मागितलेलं होतं, आणि देवाने ते बिनचूक केलं होतं. तो उठला, मालिनीला नमस्कार करून गेला. मी तिथेच बसलेला होतो, पण माझा निरोप घ्यायचं त्याला सुचलं नाही. हरिहरपंत दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मी नाग सुचवला होता. नाग असता तर धोंडू आत आला नसता." मी आयुष्यात पहिल्यांदा पंतांना उठा म्हणालो.

जागा चौगुल्यांना मिळाली. ते हरिहरपंतांकडेच खोली घेऊन राहिले आणि महिनाभरातच एका रविवारी संकोचून आमच्या पडवीत आले. त्यांचा विषय वनस्पती. झाडाचं पान दाखवा, कूळ सांगतील. प्राण्यांचं नाव काढलं की घाम फुटायचा, आणि मुलं म्हणायची, "सर, त्या बाईंनी कान दुमडायला लावला होता तसं सांगा."

मला वाटलं, मालिनी त्यांना बाहेरच्या बाहेर लावील. मी असतो तर लावलं असतं. ती म्हणाली, "बसा. मुलांना नीट कळायला हवं." त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. ते वहीत उतरून घेत, सोमवारी वर्गात जाऊन ते सांगत, आणि पहिल्या तारखेला पगार त्यांच्या हातात पडे. माणूस वाईट नव्हता हो. एकदा मला म्हणाले, "भाऊ, ही जागा बाईंची आहे. मला कळतं ते."

मी आतल्या खोलीत बसून ऐकत असे आणि जीव तुटत असे. जे एका वर्गाने ऐकायचं, ते एक माणूस ऐकत होता, आणि तोही दुसऱ्यांना सांगण्यासाठी. मी खडू देऊन कचेरीत गेलो असतो तर! मुशी नसती आणली, कोंबडा नसता आणला, पंतांचं ऐकलं नसतं तर! दर रविवारी मी हाच हिशेब करायचो, आणि दर रविवारी तिची नोकरी मीच घालवलेली निघायची.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी चौगुले म्हणाले, "बाई, सस्तन प्राणी कसे घ्यावेत?" मी म्हटलं, आज निदान चहा तरी आपण करावा. मला येतो तसा केला, दोन कप ताटलीत ठेवले आणि दारापर्यंत आलो.

मालिनी उभी होती. एरवी ती चौगुल्यांना बसूनच सांगायची. आज पदर खोचून उभी होती, आणि समोर एक माणूस नसून भरलेला वर्ग असल्यासारखं बोलत होती. "पुस्तकात हे सगळ्यात शेवटी येतात. अंगावर केस, बाहेर कान, आणि पिलाला अंगचं दूध. थंडी असो, ऊन असो, रक्त आपलं गरमच ठेवतात. म्हणून यांना भूक फार आणि काळजीही फार. यातच देवमासा येतो, यातच वटवाघूळ येतं, आणि यातच आपण." तिचा हात हवेत होता, काहीतरी काढत होता. तिथे फळा नव्हता.

चौगुल्यांनी मला दारात पाहिलं आणि कप घ्यायला हात पुढे केला. मी मानेनेच नको म्हणालो. चहावर साय धरली. ताटलीने हात भरून आले. मी उंबऱ्याच्या अलीकडे तसाच उभा राहिलो, तिचं बोलून होईपर्यंत.